करंजाखालची झोळी

“ओढ्याच्या अंगाला वाघर लावू नका,” आई म्हणाली. तिचे हात पिठात होते आणि ती आबांकडे न बघता परातीतच बघत बोलत होती. “तेवढी एक बाजू मोकळी सोडा. बाकी तीन बाजूंनी काय बोंबलायचं ते बोंबला.”

वाघर म्हणजे शिकारीचं जाड दोरखंडाचं जाळं. ते दारापुढे ढिगासारखं पडलं होतं आणि त्याला शिळ्या रक्ताचा वास येत होता. तात्या, माझे धाकटे चुलते, ते खालच्या वाडीतून मागून घेऊन आले होते. सोबत तिथले दोन गडी आणि पाच कुत्री. तात्या चुलीपुढे बसून बशीतला चहा फुंकत होते. त्यांना हसू आवरेना.

“ऐकलंस का दादा? वहिनी म्हणत्यात, शिकार करा, पर सावजाला जाऊ द्या.”

“डुकरं ओढ्याकडनं आल्यात भावजी, ओढ्याकडंच जाणार. जाऊ द्या की. आपल्याला बेणं वाचवायचंय.”

“आनि मटण कुणी खायाचं?”

“लेकुरवाळी हाय ती,” आई म्हणाली. “मी माग बघितलाय. मोठ्या खुरामागं बारकी खुरं हायत, पाच-सहा तरी. कोंडून घातलीसा तर ती कुणाला सोडायची न्हाई.”

आबा, माझे वडील, दारात उकिडवे बसून कुऱ्हाडीचा दांडा बादलीत भिजवत होते, म्हणजे तो फुगून पात्यात घट्ट बसतो. त्यांनी मान वर केली नाही.

“तू भाकरी थाप,” एवढंच म्हणाले.

आईने भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले, आणि उठून पुढच्या दाराचं दुसरंही कवाड उघडलं.

मी तेव्हा बारा वर्षांची होते, सातवीत. माझा भाऊ दिगू आठ महिन्यांचा. आमच्या शिवारातला सगळा ऊस कारखान्याला गेला होता. चारी बाजूला नुसतं पाचट आणि मोकळी रानं. मधे आमचा पाच-सहा गुंठ्यांचा तुकडा तेवढा उभा, बेण्यासाठी, म्हणजे नव्या लागणीच्या कांड्यांसाठी राखलेला. परवा लागण होती. आणि आजूबाजूची सगळी लपण गेल्यामुळे रानडुकरं त्या तुकड्यात येऊन राहिली होती. रोज सकाळी चार-दोन सऱ्या आडव्या झालेल्या असत.

आमचं घर रानातच होतं, गावापासून दीड मैलावर. आता सांगलीत तिसऱ्या मजल्यावर राहताना मला त्या घरातल्या किती गोष्टी आठवतात. मोटार सुरू झाली की पाइपच्या तोंडाशी डोकं धरून उभं राहायचं, पहिलं पाणी कोमट लागायचं. आई भुईमुगाचे डहाळे आरावर टाकायची आणि आम्ही तोंडं काळी करून घ्यायचो. पण सगळ्यात जास्त आठवतं ते आईचं जनावरांशी वागणं. ती चौथीपर्यंत शिकलेली. गोठ्यात शिरताना बोलत शिरायचं, गाईच्या मागून गुपचूप जायचं नाही, हे तिने मला मी चालायला लागले तेव्हा शिकवलं. कोंबड्या खुराड्यात घालताना हात पसरून मागे लागायचं नाही, एका बाजूला उभं राहायचं, त्या आपल्या आपण चालत जातात. एकदा सरपणातून नाग निघाला. मी काठीकडे धावले तर तिने माझा खांदा धरला आणि आम्ही दोघी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलो. तो उंबऱ्यावरून बाहेर गेला.

“आता काठी आणू?” मी विचारलं.

“कशाला? गेला की.” मग म्हणाली, “कुणालाबी कोंडायचं न्हाई, वैजे. जायाला जागा असली की जनावर चावत न्हाई.”

आबांनाही ती तशीच सांभाळायची. आबा वाईट नव्हते, पण त्यांना राग आला की त्यांच्या हाताला काही दिसायचं नाही. ते तापायला लागले की आई काही न बोलता पुढच्या दाराची दोन्ही कवाडं उघडायची आणि बाजूला होऊन उभी राहायची. बहुतेक वेळा ते शिव्या देत बाहेर पडायचे, बांधावर दोन फेऱ्या मारायचे आणि येऊन जेवायला बसायचे. कधीकधी दार उघडं असूनही उपयोग व्हायचा नाही. त्या दिवसांबद्दल आम्ही बोलत नाही.

त्या सकाळी आबा उघड्या दारातून बाहेर पडले खरे, पण कुऱ्हाड घेऊन. मागून वाघर खांद्यावर टाकून तात्या आणि ते दोघे.

आईने दिगूला माझ्या कडेवर दिलं. झोळीचं लुगडं आणि दोरी माझ्या खांद्यावर टाकली.

“मोटारीच्या खोलीत जाऊन बस. दार आतनं लावून घे. मी हाक मारल्याबिगर बाहेर यायचं न्हाई.”

“आणि तू?”

“मी वरच्या बांधाला गवत कापती.”

गवत कालच कापून झालं होतं. मला माहीत होतं. ती विळा घेऊन गेली.

मोटारीची खोली रस्त्याच्या बाजूला, ओढा तिच्या बरोबर समोर पलीकडे, आणि मधे तो ऊस. माणसं खोलीच्या बाजूने हाकाटी करत उसात शिरणार होती आणि डुकरं पळून ओढ्याकडे आली की तिथे लावलेल्या वाघरीत सापडणार होती. म्हणजे सगळी कुत्री माझ्या दाराशीच बांधलेली. ती भुंकली की पत्र्याची खोली डब्यासारखी वाजायची. दिगू रडून रडून निळा पडायला लागला. वर कोपऱ्यात गांधिलमाश्यांचं पोळं होतं, ते मला आत आल्यावर दिसलं. एक माशी त्याच्या तोंडाभोवती घिरट्या घालायला लागली. मी ओढणीने हाकलली तर तीन आल्या.

मी वर्गात पहिली येणारी मुलगी होते. मी विचार केला. कुत्री या बाजूला, माणसं या बाजूला, आरडाओरडा या बाजूला. ओढ्याच्या बाजूला काय, तर वाघर. वाघरीच्या अलीकडे धोका, पलीकडे नाही. आणि पलीकडे आमचं करंजाचं झाड होतं. भांगलणीच्या दिवसांत दिगूची झोळी आई तिथेच बांधायची. त्या फांदीला दोरीने घासून चरा पडला होता. मी दार उघडलं आणि बांधाबांधाने वळसा घालून त्याला तिथे घेऊन गेले.

तात्या वाघरीच्या एका टोकाला भाला घेऊन बसले होते. त्यांनी मला पाहिलं.

“हितं का आलीस गं?”

“खोलीत गांधिलमाश्या आहेत. आणि कुत्री.”

त्यांनी मागे करंजाकडे बघितलं. वाघरीपासून वीस-पंचवीस पावलं असेल. “बस मग झाडापाशी. गप बस. मधी वाघर हाय, हत्ती आला तरी तुटायची न्हाई.”

मी झोळी बांधली. चऱ्यातच दोरी बसवली, दोन वेढे दिले आणि झोळी आईने शिकवली होती तेवढी उंच घेतली, माझ्या कमरेच्या वर. खाली बांधली तर कुत्री हुंगतात, असं ती म्हणायची. दिगूला सावली मिळाली, वारा मिळाला, तो गप्प झाला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

मग पलीकडून डबे वाजायला लागले.

आधी उसाचे शेंडे नुसते वाऱ्याने हलावेत तसे हलले. मग त्यात एक रेघ उमटली आणि ती रेघ सरळ आमच्या बाजूला धावत यायला लागली. कुत्री मोकळी सोडली होती. ऊस मोडल्याचा कडकड आवाज, आणि त्याच्या पुढे एक घुसमटलेला, जाड आवाज, जो मी कधी ऐकला नव्हता. डुकरीण उसातून बाहेर आली ती दगडासारखी वाघरीवर आदळली.

वाघर मेखांना सैलच अडकवलेली असते. ती वरून कोसळली आणि तिला गुंडाळत गेली. तात्या ओरडत पुढे झाले आणि त्यांनी भाला तिच्या कुशीत घातला. भाल्याचा दांडा मोडला. ती जाळ्यातल्या जाळ्यात फिरली, तिच्याबरोबर दोरखंड फिरले, आणि एका फेऱ्यात तात्यांचा पाय आत ओढला गेला. डुकरिणीला नरासारखे लांब सुळे नसतात. ती चावते, आणि चावलेलं धरून ठेवते. तिने तात्यांची मांडी धरली.

तात्या किंचाळले तसं मोठ्या माणसाला किंचाळताना मी तोवर ऐकलं नव्हतं. कुत्री जाळ्यावर चढली. पांढऱ्या कुत्र्याचा पुढचा पाय तिच्या तोंडाशी गेला आणि परत आला तेव्हा पंजा लोंबत होता. पण लगेच तिने मांडी पुन्हा धरली, त्याच जागी. दोन पिल्लं वाघरीत अडकून ओरडत होती. एका गड्याने त्यातल्या एकाला काठीने ठेचलं. त्या आवाजासरशी डुकरीण अशी उसळली की तात्यांचं सगळं अंग हातभर फरफटत गेलं.

“मारा! अवो दादा, मारा की!”

आबा कुऱ्हाड उचलून उभे होते. पण तिचं डोकं आणि तात्यांची मांडी एकच झालं होतं. त्यांनी घाव घातला तो तिच्या पाठीवर बसला. हाडावर लोखंड बसल्याचा आवाज आला. तिने मांडी सोडली नाही. दुसरा घाव मातीत गेला. तिघेजण तिला घेरून उभे होते, ओरडत होते, काठ्या घालत होते, आणि प्रत्येक काठीबरोबर ती दात आणखी आत रुतवत होती. तात्यांचा आवाज बारीक झाला. खालची माती काळी दिसायला लागली.

आई वरच्या बांधावरून धावत आली. पदर कुठे होता काय माहीत. ती माणसांच्या मधून घुसली आणि ओढ्याच्या बाजूच्या मेखेशी बसून विळ्याने वाघरीची मुख्य दोरी कापायला लागली.

“ए! काय करतीस?” आबा ओरडले.

“सरा! समोरनं सरा सगळी! वाट द्या तिला!”

“वहिनी, जाईल ती!” एक गडी बोंबलला.

“जाऊ दे! जायालाच पायजे!”

दोरी तुटली. आईने दोन्ही हातांनी वाघर उचलून उलटी फेकली. आणि ओढ्याच्या बाजूला मोकळं रान दिसल्याबरोबर डुकरिणीने तात्यांचा पाय सोडला. इतक्या काठ्यांनी, कुऱ्हाडीने जे झालं नव्हतं ते झालं. ती उठली. तिच्या कुशीत भाल्याचं टोक तसंच होतं.

आईने ती कुठे जाते ते बघायला मान वळवली. तेव्हा तिला मी दिसले. माझ्यामागे झोळी दिसली. मी खोलीत आहे, दाराला आतून कडी आहे, असं समजून तिने वाट मोकळी केली होती, आणि त्या वाटेवर मी होते.

डुकरीण सरळ माझ्याकडे येत होती. तोंडाला फेस आणि रक्त, एक डोळा मिटलेला. मी झोळीच्या पुढे उभी होते.

“वाट सोड, वैजे!” आई ओरडली. “सर! सर बाजूला!”

मी सरले.

डुकरीण झोळीखालून गेली. तिच्या पाठीचे राठ केस लुगड्याला घासले आणि झोळी उंच हेलकावली. तिच्यामागे पिल्लं, अंगावर पट्टे असलेली, एकापाठोपाठ एक, चार. ती ओढ्याच्या उतारावरून खाली गेली आणि करवंदीत दिसेनाशी झाली. झोळी अजून हलत होती. आतून हसण्याचा आवाज आला. दिगूला वाटलं कुणीतरी झोका दिला. लुगड्याच्या तळाला हाताएवढा लाल पट्टा उमटला होता.

मला वाटलं आता संपलं.

गड्यांनी तात्यांच्या मांडीवर पटका आवळला. आबा कुऱ्हाड उलटी धरून, दांडा पुढे करून माझ्याकडे आले.

“पोराला हितं कुणी आणलं?”

मी तात्यांकडे बघितलं. ते डोळे उघडे ठेवून पडले होते. त्यांनीच मला झाडापाशी बस म्हणून सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान पलीकडे केली.

“कुणी आणलं, तुला इचारतोय!”

“मी,” आई म्हणाली.

आबा वळले.

“मी सांगितलं तिला. खोलीपाशी कुत्री हायत, करंजाला जाऊन बस म्हणलं. तिचा काय दोष न्हाई.”

“तूच पोरगं हितं टांगलंस, आनि तूच वाघर तोडलीस?”

“व्हय.”

दांडा तिच्या डाव्या हातावर बसला, कोपराच्या खाली. ओला, जड दांडा. हाडाचा आवाज मी त्या सकाळी दुसऱ्यांदा ऐकला. आई ओरडली नाही. आबांचा हात पुन्हा वर गेला. तेव्हा ती एक पाऊल बाजूला झाली आणि चांगल्या हाताने ओढा दाखवला.

“ती तिकडं गेलीया. रगत सांडत गेलीया, लांब जायची न्हाई. जा तुमी.”

आबांचा हात खाली आला. मग ते तिच्या बाजूने, उतारावरून, करवंदीत गेले.

आई करंजाच्या बुंध्याशी बसली. एका हाताने तिने झोळी वाकवून दिगूला पाहिलं, त्याच्या हातापायांवरून बोटं फिरवली. डावा हात मांडीवर उलटा पडला होता, जणू दुसऱ्या कुणाचा.

“खुणंलाच बांधलीस का गं झोळी?”

“हो.”

“ब्येस केलंस,” ती म्हणाली, आणि मग तिला चक्कर आली.

आबा संध्याकाळी रिकाम्या हाताने परत आले. चार दिवसांनी ओढ्याच्या खालच्या वळणावर कावळे जमले आणि वास सुटला. पिल्लांचं काय झालं कुणी बघितलं नाही. हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्याने आईचा हात कळकाच्या कामट्या लावून बांधला. तो वाकडाच जुळला. तात्या कायमचे लंगडे झाले. बेण्याची लागण ठरल्या दिवशी झाली, आईने एका हाताने कांड्या मांडल्या.

मला झाडापाशी बसायला त्यांनीच सांगितलं होतं, हे तात्यांनी कधीच सांगितलं नाही, पण दुसरी गोष्ट मात्र शेकडो वेळा सांगितली. माझ्या लग्नात पंगतीत सांगितली. दिगू डिप्लोमाला लागला तेव्हा पेढे वाटताना सांगितली. “वहिनीनं एक हाक मारली आनि पोरगी सरली. दुसरी असती तर भावाम्होरं हुबी राहिली असती, आनि दोघंबी गेली असती. आईचं ऐकणारी पोर!” लोक माझ्याकडे बघायचे. मी पाणी वाढायला उठायचे.

मी बी.एस्सी. झाले, लग्न होऊन इथे आले, मला दोन मुलं झाली. रेवा पाच वर्षांची, शौर्य सात महिन्यांचा. मी गॅसचा नॉब तीनदा बघते. गॅलरीला जाळी आहे, तरी तिचे स्क्रू दर रविवारी हलवून बघते. नवरा हसतो. म्हणतो, अगं, पोरं तुरुंगात आहेत का घरात?

गेल्या महिन्यात आई आठ दिवस राहायला आली होती. सकाळी अकराच्या सुमाराची गोष्ट. आई आणि मी ओट्याशी होतो, ती मटार सोलत होती. शौर्य दिवाणावर होता आणि रेवाला मी सांगितलं होतं, दोन मिनिटं त्याच्याजवळ बस, हलू नकोस. कुकरची शिट्टी झाली. त्याच्यामागोमाग धप्प असा आवाज झाला.

तो खाली पडला होता. ओठ फाटला होता, हनुवटीवर रक्त. रेवा दिवाणाजवळ नव्हती, गॅलरीच्या दारात होती. खाली कुल्फीवाला आला होता.

मी शौर्यला उचलून आईकडे दिलं आणि रेवाला दंडाला धरून ओढलं. “कुठे होतीस? मी काय सांगितलं होतं? कुठे होतीस तू?” ती मागे मागे सरकत गेली, कपाट आणि भिंत यांच्यामधल्या बोळकांडीत. पुढे मी उभी. मी तिला मारलं. एकदा नाही. तिचे ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. मी तिची हनुवटी धरून तोंड वर केलं, “सांग! कुठे होतीस?” आणि ती माझ्या हाताला चावली. अंगठ्याच्या खाली, सगळ्या दातांनी. सोडेना. मी दुसरा हात उगारला.

“मी बोलावली तिला,” मागून आई म्हणाली. “पानी मागितलं मी. तिचा काय दोष न्हाई.”

हात तसाच राहिला. रेवाने दात सोडले आणि आजीकडे बघितलं.

“आई, तू माझ्या शेजारी होतीस,” मी म्हणाले. “तू कुणालाही हाक मारली नाहीस.”

दिवाणावर बसून, वाकड्या हातावर शौर्यला घेऊन आई पदराने त्याचा ओठ टिपत होती.

वर मी सांगितलं की आई ओरडली आणि मी सरले. आजवर मी ते असंच सांगत आले. ते तसं नव्हतं. डुकरीण दहा पावलांवर असताना माझा उजवा पाय उचलला गेला, मग डावा. मागे झोळी आहे हे मला माहीत होतं. झोळी उंच आहे, ती खालून जाईल, असलं काही माझ्या मनात नव्हतं. मनात काहीच नव्हतं. मी बाजूला झाले होते, पुरती बाजूला, आणि मग आईचा आवाज आला. वीस वर्षं मी धरून चालले होते की हे फक्त मला माहीत आहे.

“आई,” मी म्हणाले, “त्या दिवशी करंजाखाली. तू आधी ओरडलीस का मी आधी सरले?”

“किती वर्सं झाली त्याला.”

“सांग.”

तिने शौर्यला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “तुजा पाय हलला. मंग मी वरडले.”

“मग ओरडलीस कशाला? मी सरलेच होते.”

“म्हणून तर,” ती म्हणाली. “बारा वर्साचं पोर तू. सरकणारच. पर कुणीतरी सांगितलं म्हणून सरली असं व्हायला पायजे हुतं. न्हाईतर तू जल्मभर तितंच हुबी राहिली असतीस.”

“राहिलेच की गं.”

शौर्य आईच्या खांद्यावर हुंदके देत होता. मी अजून कपाटाच्या तोंडाशीच उभी होते, दोन्ही हात दोन्ही बाजूंना टेकलेले. एका हातावर दातांची खूण, बारीक बारीक, गोल.

“वैजे,” आई म्हणाली, “सर तिच्या समोरनं.”

मी सरले. या वेळी हाक आधी आली होती. रेवा लगेच निघाली नाही. मग भिंतीला घासत, माझ्याकडे न बघता ती बाहेर पडली, आणि आजीच्या मांडीशी जाऊन भावाच्या फाटक्या ओठाकडे टक लावून बसली.